गीता २.६२-६३ : राग, विसर आणि माझे आण्णा



आजचे श्लोक दुसऱ्या अध्यायातले, बासष्ट आणि त्रेसष्ट. खरं तर ते मागच्या शुक्रवारीच यायला हवे होते. पहाटे उठून आधी श्लोक, मग चहा, मग बाकीचं जग, हा माझा नेम गेली तीन वर्षं मोडला नव्हता. शुक्रवारी मोडला. का मोडला ते आधी सांगतो, कारण ते लपवून या दोन श्लोकांवर काहीही लिहिलं तर ते ढोंग होईल.

गुरुवारी संध्याकाळी मी माझ्या सात वर्षांच्या मुलीला मारलं.

सातचा पाढा चालू होता. बेचाळीसच्या पुढे ती अडकत होती. तीन वेळा सांगून झालं. चौथ्यांदा पुन्हा चुकली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा. पहिल्याबद्दल मी एक वेळ म्हणेन की भान नव्हतं, पण दुसरा घालताना मला नीट कळत होतं मी काय करतोय ते. ती रडली नाही. श्वास अडकल्यासारखा आवाज आला आणि ती माझ्या हाताकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

बायको स्वयंपाकघरातून आली, तिने मुलीला उचललं आणि रात्री मला एवढंच म्हणाली, "पुन्हा असं झालं तर मी हिला घेऊन आईकडे जाईन. मग तुझी गीता तू वाचत बस." तेव्हा मला ते फार लागलं. आज मी तिचा ऋणी आहे.

आता श्लोक. अर्थ तुम्हाला माहीत आहे. एखाद्या गोष्टीचा मनात सारखा घोळ घातला की तिची ओढ लागते. ओढीतून इच्छा होते. इच्छा अडली की राग येतो. रागातून भूल पडते, भुलीतून स्मृती जाते, स्मृती गेली की बुद्धी जाते आणि बुद्धी गेली की माणूस गेला. ज्ञानेश्वर माउली स्मृतीच्या या नाशाला सोसाट्याच्या वाऱ्याने विझणाऱ्या ज्योतीचा दाखला देतात. आणि बुद्धीचं काय होतं? जन्मांध माणसावर पळायची वेळ आली की तो जसा केविलवाणा होऊन सैरावैरा धावतो, तसं होतं.

हे मी कितीतरी वेळा वाचलंय आणि रविवारच्या वाचनात सांगितलंही आहे. पण गुरुवारनंतर दोन गोष्टींपाशी मी अडकलो.

पहिली गोष्ट अशी. त्याच गुरुवारी दुपारी चार वाजता माझ्या मॅनेजरने आठ जणांसमोर माझ्या प्रेझेंटेशनच्या चिंध्या केल्या होत्या. चूक त्याची होती, आकडे त्यानेच दिले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं? "हो सर, दुरुस्त करतो" म्हणालो, कॅमेऱ्यासमोर हसलोसुद्धा. म्हणजे राग होता, पण भूल पडली नाही, स्मृती शाबूत होती, बुद्धी तर फारच शाबूत होती. तीन तासांनी साडेतीन फूट उंचीच्या माणसासमोर मात्र ज्योत विझली. मग वारा सोसाट्याचा होता असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? "राग आवरला नाही" हे मुलांवर हात टाकणाऱ्या बापांचं आवडतं वाक्य आहे. ते बहुतेक वेळा खोटं असतं. जिथे आवरावाच लागतो तिथे आपण आवरतो. जिथे उलटून कोणी काही करणार नाही तिथे आपला आवरत नाही.

आणि या सवलतीला आपली भाषाही किती मदत करते बघा. धपाटा, टपली, चापट. ऐकायला लाडाचेच शब्द वाटतात. पुढे जाऊन आपण म्हणतो की आज त्याला चांगला प्रसाद मिळाला. त्याची पूजा बांधली. त्याला चौदावं रत्न दाखवलं. देवघरातले आणि पुराणातले शब्द उचलून आपण मारावर पांघरतो. उद्या मॅनेजरने मला कानाखाली दिली तर कोणी म्हणेल का की ह्याला ऑफिसात प्रसाद मिळाला?

केंद्र सरकारच्या महिला आणि बाल विकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं आढळलं, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८ टक्क्यांहून जास्त मुलांना मारणारे त्यांचे आई-वडीलच होते. तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्या तीनातल्या दोनांमधले असणार. मीही आहे.

माझे वडील, आण्णा, परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. नुसता विरत गेला, आणि त्यात माणसं विरली. मी १९८४ चा. म्हणजे साच्यावरचे आण्णा मी पाहिलेच नाहीत. मी पाहिले ते गिरगावातल्या एका इमारतीचे रात्रीचे वॉचमन आण्णा. सकाळी आठला यायचे आणि दुपारी चारपर्यंत झोपायचे.

आमची खोली दहा बाय बाराची. माझी शाळा सकाळची, साडेबाराला सुटायची. तेव्हा एक ते चार मी त्या खोलीत न असल्यासारखं असायचं, हा आमच्या घरचा कायदा होता. पेला पडला, दप्तराची चेन वाजली, खोकला आला, तर आण्णा उठायचे. गणवेशाचा पट्टा खिळ्याला लटकत असायचा. पुढचं सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आई चुलीकडे तोंड करून उभी राहायची. मे महिन्याची सुट्टी लागली की बाकीची पोरं नाचायची आणि मला पोटात कळ यायची, कारण सुट्टीत दुपार लवकर सुरू होते. आजही कोणी झोपलेलं असलं की मी घरात टाचा उचलून चालतो. मुलगी विचारते, बाबा तू असा काय चालतोस?

आता मोठा झाल्यावर मी हे सगळं समजू शकतो. ज्या माणसाचे हात यंत्रावर चालायचे त्याला कोणाच्या तरी गाडीसाठी फाटक उघडावं लागलं. झोप कधीच पुरी झाली नाही. गावाकडून पैशाची मागणी, इथे वाण्याची उधारी. हे मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

पण समोरच्या खोलीतले काकाही त्याच गिरणीतले होते. त्यांचीही नोकरी त्याच संपात गेली. ते भायखळ्याहून भाजी आणून विकायचे, पहाटे तीनला उठायचे. झोप त्यांचीही पुरी होत नव्हती. त्यांच्या तिन्ही पोरांना मी कधी मार खाताना पाहिलं नाही. उलट आमच्या खोलीतून आवाज आला की काका मुद्दाम दारात येऊन "अहो, तंबाखू आहे का?" असं मोठ्याने विचारायचे. ते अजिबात तंबाखू खात नव्हते, हे मला खूप नंतर कळलं.

म्हणजे संपाने आण्णांना संतापाचं कारण दिलं, पण पट्टा त्यांच्या हातात संपाने दिला नाही. एखाद्या गोष्टीचं कारण सापडणं आणि ती गोष्ट क्षम्य ठरणं यांत फरक आहे. हा फरक भागवताइतका स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसला नाही. आपण हिरण्यकशिपूला सरसकट राक्षस म्हणून मोकळे होतो. पण सातवा स्कंध नीट वाचा. त्याचा सख्खा भाऊ हिरण्याक्ष विष्णूच्या हातून मारला गेला होता. घरात आई होती, भावाची विधवा होती, लहान पुतणे होते. आणि त्या सगळ्यांचं सांत्वन कोण करतं? हिरण्यकशिपूच. आत्मा मरत नाही, शोक करू नका, असं तो इतकं सुंदर समजावतो की तो भाग नाव झाकून वाचला तर एखाद्या संताचं प्रवचन वाटावं. तत्त्वज्ञान त्याला तोंडपाठ होतं. हे वाचताना हल्ली मला घाम फुटतो. कारण तोंडपाठ तर मलाही आहे.

मग एक दिवस तो लहान प्रल्हादाला प्रेमाने मांडीवर घेतो, त्याचं मस्तक हुंगतो आणि विचारतो, बाळा, तू शिकलास त्यातलं सगळ्यात चांगलं काय ते सांग. प्रल्हाद विष्णुभक्तीचं नाव घेतो. ज्याने भाऊ मारला त्याचंच नाव, स्वतःच्या मुलाच्या तोंडून! आणि बाप त्याला मांडीवरून खाली जमिनीवर फेकतो.

आपल्याला पुढचे हत्ती, साप, कडेलोट आणि विष लक्षात राहतं. मला हा मांडीवरचा क्षण जास्त खरा वाटतो. बासष्टाव्या श्लोकातली साखळी इथे पहिल्या कडीपासून दिसते. तिची सुरुवात द्वेषातून होत नाही, मायेतून होते. माझं पोर, माझ्यासारखं, माझी बाजू घेणारं, माझ्या मनातलं उत्तर देणारं. त्या चित्राचा मनात इतका घोळ घातलेला असतो की मांडीवर बसलेलं खरं पोर दिसतच नाही. ते वेगळं काही बोललं की बापाला वाटतं हा माझ्यावर वार झाला. मीही गुरुवारी पाढ्यासाठी चिडलो नव्हतो. ती हसली तेव्हा मला वाटलं, हीसुद्धा माझी टर उडवते. दुपारच्या आठ जणांनंतर ही नववी.

व्यासांनी हिरण्यकशिपूचं दुःख लपवलं नाही, सविस्तर लिहिलं. आणि तरीही खांब फुटलाच.

आता दुसरी गोष्ट, स्मृती. शंकराचार्य भाष्यात या शब्दाचा अर्थ शास्त्र आणि आचार्य यांच्या उपदेशाने मनावर झालेल्या संस्कारांची आठवण असा करतात. रागाच्या वेळी तीच जाते. बरोबरच आहे, त्या क्षणी कुठली गीता आणि कुठले गुरू. पण मला शनिवार-रविवारभर वाटत राहिलं की त्या क्षणी आणखी एक आठवण जाते.

१९७५ साली सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकन बालमानसतज्ज्ञ बाईंनी दोन सहकारी बायकांबरोबर एक निबंध लिहिला होता. त्याच्या नावाचं मराठी 'बाळाच्या खोलीतली भुतं' असं होईल. भुतं म्हणजे आई-बापांच्या स्वतःच्या बालपणातली, न बोलावता येऊन बसणारी. त्यात एका तरुण आईची हकीकत आहे. तिचं बाळ तिच्या समोर ओक्साबोक्शी रडायचं आणि तिला जणू ऐकूच यायचं नाही. तिचं स्वतःचं बालपण टाकलेल्या पोरासारखं गेलं होतं, तिचं रडणं कोणी ऐकलं नव्हतं. कोणीतरी शांतपणे बसून तिचं ऐकल्यावर, ती त्या सगळ्यासाठी स्वतः रडल्यावर, तिला बाळाचं रडणं ऐकू यायला लागलं. ती उठून त्याला जवळ घ्यायला लागली.

या बायकांना एक प्रश्न पडला होता. ज्यांनी लहानपणी भयंकर सोसलं त्यातले पुष्कळ जण आपल्या मुलांशी तसं वागत नाहीत, मग काही जणच का वागतात? त्यांना जे दिसलं ते असं, की पुन्हा तेच करणाऱ्यांना घडलेलं सगळं आठवत असतं. कुठे, कधी, कशाने मारलं, सगळं. आठवत नसतं ते एकच, तेव्हा वाटलं काय होतं ते. ती भीती, ती लाज. ती पुसली गेलेली असते, आणि ती पुसली गेली की माणूस नकळत मारणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. त्यांचं काम आया आणि तान्ह्या बाळांमधलं होतं. पण बापांनाही हे लागू आहे असं मी स्वतःवरून म्हणतो.

आण्णांची एक ठरलेली गोष्ट आहे. पाटण तालुक्यातलं आमचं गाव. ते नऊ वर्षांचे असताना त्यांच्या हातून म्हैस दुसऱ्याच्या उसात शिरली, म्हणून आजोबांनी त्यांना चिंचेच्या फोकाने झोडपलं आणि गोठ्यात दावणीला बांधून ठेवलं. ही गोष्ट ते दर लग्नात, दर बारशाला हसत हसत सांगतात. शेवट ठरलेला, "म्हणून तर घडलो!" लोक हसतात. मीही हसत आलो. हे ते स्मरण, ज्यात घटना पूर्ण आहे आणि मूल नाहीसं झालंय.

आणि माझं काय? शुक्रवारी पहाटे वही समोर घेऊन बसलो तेव्हा अचानक आठवलं की मीही हसायचो. आण्णा पट्टा काढायला उठले की माझ्या तोंडावर आपोआप हसू यायचं. भीतीने. ओठ आवरायचेच नाहीत. "हसतोस?" म्हणून दोन जास्त पडायचे. हे मला तीस वर्षांत आठवलं नव्हतं. पट्टा आठवत होता, त्याच्या बक्कलवरचा गंज आठवत होता, माझं हसू मी विसरलो होतो. गुरुवारी माझी मुलगी मला हसली नव्हती. ती घाबरली होती. तिच्या चेहऱ्यावर ते माझंच हसू होतं आणि ओळखू शकेल असा घरात मी एकटाच होतो.

त्या दिवशी लिहिणं झालं नाही.

इथे मला एकीची माफी मागायची आहे. ती हे वाचेल की नाही माहीत नाही. आम्ही कोथरूडला रविवारी काही जण मिळून गीता वाचतो. मागच्या वर्षी तिथे एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी यायची. एकदा सगळे गेल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "दादा, माझे बाबा मला मी कमवायला लागेपर्यंत मारायचे. आता मी गणपतीलाही घरी जात नाही. मी त्यांना माफ करू शकत नाहीये. मग माझी भक्ती खोटी का?" मी काय उत्तर दिलं? म्हणालो, "अगं, त्यांनीही काय काय सोसलं असेल. समजून घे. शेवटी आई-वडील दैवत असतात." तिने मान हलवली, "बरोबर आहे दादा" म्हणाली आणि पुन्हा कधी आली नाही.

आज विचारलंस तर मी असं उत्तर देईन. प्रल्हादाने बापासाठी वर मागितला हे खरं आहे. माझ्या पित्याला त्याच्या पापातून मोकळं कर असं तो नरसिंहाला म्हणाला, आणि एकवीस पिढ्यांसकट तो पावन झाला असं नरसिंहाने सांगितलं. पण हे त्याने कधी मागितलं ते बघ. मारणारा हात कायमचा थांबल्यावर. त्याआधी हत्तीच्या पायाखाली असताना त्याने बापाला समजून घेण्याचा प्रयत्न केला असं भागवत कुठेच म्हणत नाही. तो बापाचं ऐकत नव्हता, आपलं सोडत नव्हता, उलट वर्गातल्या पोरांना जमवून तेच शिकवत होता. आणि नरसिंह खांबातून बाहेर आला तेव्हा "बाळ, बाबांची बाजूही समजून घे" असं तोही म्हणाला नाही! आधी सुरक्षितता. समजून घेणं नंतर, आणि ते दुरूनही करता येतं. गणपतीला घरी न जाता करता येतं. नाही जमलं तरी तुझ्या भक्तीला त्याने उणेपणा येत नाही. तुला मी दैवत वगैरे ऐकवलं तेव्हा मी तुझ्याशी नाही, माझ्याशीच बोलत होतो. मला आण्णांवर रागवायची भीती वाटत होती, म्हणून तुझा राग मला सोसला नाही.

आणि हे वाचणारं कोणी आज, आत्ता, घरात मार खात असेल, किंवा शेजारच्या घरातून तसा आवाज ऐकत असेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. तो फिरवल्याने कोणाचंही पितृऋण वाढत नाही. तेवढं धैर्य नसेल तर निदान दारात जाऊन तंबाखू मागा.

राहिला माझा भाग. शनिवारी मी मुलीशी बोललो. बोलण्याआधी कठोपनिषद काढलं होतं, म्हटलं तर धीर यावा म्हणून. नचिकेत्याची गोष्ट आपण ब्रह्मज्ञानासाठी वाचतो, पण तिची सुरुवात एका चिडलेल्या बापापासूनच होते. यज्ञात बाप मोडक्यातोडक्या म्हाताऱ्या गाई दान देतोय, मुलाला ते खटकतं, तो विचारतो की मला कोणाला देणार? पुन्हा पुन्हा विचारतो. बाप भडकून म्हणतो, तुला यमाला देतो. मुलगा खरंच निघतो. यम घरी नाही. तीन रात्री पोर उपाशी दारात.

यम परत येतो तेव्हा तो काय करतो? क्षमा मागतो. तुला माझ्या दारात तीन रात्री उपाशी राहावं लागलं, तुला नमस्कार असो, त्या तीन रात्रींबद्दल तीन वर माग, असं म्हणतो. साक्षात मृत्यू एका पोरापुढे वाकतो. आणि नचिकेत्याचा पहिला वर? स्वर्ग नाही, आत्मज्ञान नाही, ते नंतर. पहिला वर असा, की माझ्या वडिलांचा राग शांत होवो आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून प्रेमाने बोलावं. चाळीत मी रोज संध्याकाळी हाच वर मागायचो. दाराबाहेर आण्णांच्या चपला नीट लावलेल्या असल्या तर तो मिळालेला असायचा.

तर मी मुलीसमोर खाली बसलो आणि म्हणालो, "मी तुला मारलं ते चुकलं. पाढा न येणं ही चूक नाही. मारणं ही चूक आहे, आणि ती माझी आहे."

तिने विचारलं, "परत मारशील?"

कधीच नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आण्णाही पट्टा खिळ्याला लावून झाल्यावर कधीकधी असं म्हणायचे. म्हणून म्हटलं, "राग आला की मी गॅलरीत जाऊन उभा राहीन. आणि मी गेलो नाही तर तू आईला हाक मारायची. मोठ्याने."

"आणि गॅलरीत पाऊस असेल तर?"

"भिजेन."

यावर ती हसली. हे हसू वेगळं होतं. पण रविवारी सकाळी मी पाण्याची बाटली घ्यायला तिच्या बाजूने हात पुढे केला तेव्हा तिचा खांदा किंचित आक्रसला. सॉरीने एवढ्यात काही पुसलं जात नाही. ते पुसायला किती दिवस लागतील हे ठरवायचा हक्क तिचा आहे, माझा नाही.

त्याच रविवारी दुपारी मी गाडी काढून गावी गेलो. आण्णा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, रोज संध्याकाळी देवळात हरिपाठाला जातात, टाळ त्यांच्याच हातात असतो. ओट्यावर बसलो. मीच विषय काढला, उसात शिरलेल्या म्हशीचा. त्यांनी नेहमीसारखी रंगवून सुरुवात केली, चिंचेचा फोक, दावण, सगळं. "म्हणून तर घडलो" म्हणायच्या आधी मी विचारलं, "मग रात्री कुठे झोपलात?"

ते थांबले. हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कोणी विचारला नसावा.

"गोठ्यातच की," म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थंडी लई हुती. म्हशीच्या अंगाला टेकून झोपलो. ती रातभर हलली न्हाई." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आबा येतील सोडवायला असं वाटत हुतं. दिवा दिसत हुता घरातला."

मी गप्प बसलो. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता, तो ते उगाच चोळत होते.

"तू हसायचास," ते एकदम म्हणाले. "मला वाटायचं पोरगं आपली टर उडवतंय."

"भीतीने हसायचो, आण्णा."

त्यांनी मान हलवली. हो अशी नाही, नाही अशी नाही, नुसतीच. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. मी त्यांना माफ केलं की नाही, तेही मला सांगता येणार नाही. तेवढ्यात देवळात घंटा झाली. ते उठले, टाळ काढले आणि म्हणाले, "येतोस?"

गेलो. वाटेत आम्ही दोघंही बोललो नाही.

उद्या चौसष्टावा श्लोक. त्यात 'प्रसाद' हा शब्द येतो, त्याच्या मूळ अर्थाने.

रामकृष्ण हरी.